वैजनाथ मास्तरांच्या चित्रातली गाडी

नांदुऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारे वैजनाथ मास्तर म्हणजे एक वल्ली होती. पाण्याच्या रंगांनी सातपुडा रंगवायचे आणि मग त्यावर खऱ्या वस्तू डकवत बसायचे. कुडाच्या भिंतीला ज्वारीच्या धाटाची साल, बैलाच्या शिंगांना पोळ्याचं उरलेलं बेगड, आभाळाला पतंगाचा कागद. नागपूरहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे चित्र आहे की शिंपीकाम?" मास्तर म्हणाले, "दोन्ही." तसे बेफिकीर मास्तर आता कुठे दिसतात!

त्यांची बायको प्रतिमा तापानं गेली, त्या साली त्यांनी एकच चित्र केलं. सोनाळ्याहून, तिच्या माहेराहून, सासरी निघालेली बैलगाडी. मागे निळा डोंगर. गाडीत प्रतिमा, आणि तिच्या अंगावर तिच्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा. कात्री चालवताना मास्तरांचा जीव तुटला, पण चालवली.

दिवाळी सरली आणि सासूबाई, रुक्मिणीबाई, दारात उभ्या.

"जावईबापू, पोरीचं हिरवं लुगडं द्या. गोधडी शिवाची हाय. थंडीत अंगावर घेईन."

खोटं बोलणं मास्तरांना कधी जमलं नाही. त्यांनी चित्र पुढे केलं.

"कापलं? माह्या लेकीचं लुगडं कापलं तुमी?"

या बाईनं तोंड फिरवलं असतं, तर ज्याच्याजवळ प्रतिमेचं नाव काढावं असं मास्तरांना कुणीच उरलं नसतं.

बाई चित्रावर वाकल्या. हिरव्या तुकड्यावरून फिरणारं बोट पदराशी थांबलं.

"हिची ओटी रिकामी काऊन?"

लेक सासरी निघाली की आईनं तांदूळ-नारळानं तिची ओटी भरायची, ही रीत. पण शेवटच्या खेपेला रुक्मिणीबाईंचं कुंकू नुकतंच पुसलं गेलं होतं. विधवेचा हात नको, म्हणून शेजारच्या विमलबाईंनी ओटी भरली आणि आई दाराआड उभी राहिली. त्यानंतर प्रतिमा माहेरी आलीच नाही.

"राहून गेली," मास्तर पुटपुटले, आणि सवयीनं बोलून गेले, "ओटी भरायला शेजारच्या बाईंना बोलावू?"

"कोनाले नोका बोलावू."

बाई स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन मूठभर तांदूळ घेऊन आल्या.

"धरा जरा, जावईबापू."

मास्तरांनी चित्र दोन्ही हातांनी धरलं. मास्तरांच्या डकवायच्या चिंचोक्याच्या खळीत बोट बुडवून बाई एकेक दाणा लेकीच्या पदरात लावू लागल्या. डोळ्यांना धार लागली होती.

"बस जरा, माय," गाडीतल्या लेकीला त्या म्हणाल्या. "इथं मले कोनी अडवत नाही."