टेबलाखाली ठेवलेलं पातेलं

कोपरा फाडलेलं कार्ड घरात न्यायचं नसतं, म्हणून मी ते दारातच उभं राहून वाचलं. अक्षर शेवंताचं, हौसाबाईंच्या लेकीचं होतं. 'आई सोमवारी वारली. आवणी चालू होती. दोन दिवस ताप आला आणि गेली. तुम्हाला कळवायला कुणी सांगितले नाही, मीच कळवते.' बस, एवढंच. शेवंता आईच्याच वळणावर गेलेली, जे असेल ते सांगून मोकळी होणारी. असलं कार्ड वाचून झालं की फाडून टाकतात. माझ्याच्यानं ते फाडवेना. हात ओले होते, चुलीवरचं दूध उतू जात होतं आणि मी आपली दारात उभी...

हौसाबाई माझ्या नात्यातल्या नव्हेत. आठ-नऊ वर्षांपूर्वी ग्रामसेविका म्हणून माझी नेमणूक मुळशीत झाली, तेव्हा उरवड्याच्या पुढच्या एका वाडीत त्यांच्या पडवीत माझं बिऱ्हाड होतं. जेवण त्यांच्याकडेच. माझं वय तेवीस, डोक्यात नुकतंच घेतलेलं प्रशिक्षण आणि काखेत गाजर, कोबी, टोमॅटोच्या रंगीत चित्रांची गुंडाळी. गावातल्या बायकांना सकस आहार शिकवायचा, हे माझं काम. हौसाबाई चाळिशीला आलेल्या, घरची भाताची खाचरं, दोन म्हशी, खाऊनपिऊन सुखी घर. माझी चित्रं त्यांनी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "चित्रं झ्याक हायेत, बाई. पन कोबी हितं कुटं मिळायचा?" मी म्हटलं, "सवय लागली की मिळेल." या उत्तराचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, पण तेव्हा मी ते फार ठसक्यात दिलं होतं.

आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत हौसाबाई उजाडता चिखलात उतरत आणि दिवस मावळता घरी येत. पण घरात पाऊल टाकल्यापासून पानं मांडेपर्यंत कितीसा वेळ लागे? माझं हातपाय धुऊन, कंदिलाची काच पुसून होईपर्यंत पातेलं खाली उतरलेलं असे. तांदळाच्या कण्या त्या सकाळी जातानाच भिजत घालत. येताना बांधावरचा कुर्डू, टाकळा, तांदुळजा, जे कोवळं दिसेल ते खुडून ओच्यात भरत, आणि चालता चालताच निवडत. घरी आल्यावर नुसतं धुवायचं आणि चिरायचं. लसूण आणि हिरवी मिरची ठेचून फोडणी, त्यात कण्या, कण्या अर्ध्या शिजल्या की वर पाला. पाला कण्यांच्या बरोबरीनं, कधी कधी वरचढच. एखाद्या दिवशी कण्या नसल्या तर नाचणीच्या पिठातच चिरलेला शेवग्याचा पाला मळून भाकरी थापत. मी एकदा विचारलं, एवढा पाला कशाला घालता? म्हणाल्या, "नुस्त्या कण्यांनी प्वाट भरतंय, पन सकाळी वाकाया जीव लागतो न्हवं!" आमच्या प्रशिक्षणात हेच सांगायला तीन दिवस घेतले होते. मी रोज दोनदा मागून घेऊन जेवत होते आणि दिवसा बायकांना गाजराचं चित्र दाखवत होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं. रानातली भाजी म्हणजे ज्यांना दुसरं काही मिळत नाही त्यांचं खाणं, असं माझ्या मनानं धरलेलं होतं.

आवणी उरकल्यावर शाळेच्या ओसरीत मी बायकांचा मेळावा घेतला. वरून एक अधिकारी बाई पाहणीला येणार होत्या. मी घरोघर सांगून आले होते, की घरातलं, झटपट होणारं आणि भाजी भरपूर असलेलं काहीतरी करून आणा. हौसाबाईंनी अगदी शब्दशः तेच केलं. घासून लखलखीत केलेल्या पितळी पातेल्यात कुर्डूच्या कण्या आणल्या, वर स्वच्छ फडकं बांधलेलं, आणि स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडलं. हिरवागार, गिजगा झालेला तो पदार्थ शेजारच्या माझ्या गाजरांपुढे मला एकदम लाजिरवाणा दिसला. मी पातेलं उचललं आणि टेबलाखाली सारलं. वर म्हटलं, "हौसाबाई, पाहुण्यांना हे असलं कसं दाखवायचं?" दोघीतिघी हसल्या. फडकं तेवढं हौसाबाईंनी घडी घालून हातात धरलं.

मग मी कोबी-गाजराच्या खिचडीचं प्रात्यक्षिक दाखवलं. स्टोव्ह दोनदा विझला, खिचडी व्हायला दीड तास लागला आणि तरी कोबी कच्चाच राहिला. पाहुण्या बाईंनी मात्र कौतुक केलं आणि विचारलं, "पावसाळ्यात या बायका भाजी कुठली खातात?" मी म्हटलं, "खातच नाहीत हो. तेच तर शिकवायचंय." हौसाबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. आदल्या रात्रीपर्यंत ज्यांच्या हातचा पाला मी बोटं चाटून खाल्ला, त्यांच्या तोंडावर मी हे बोलले. त्या वाकल्या, टेबलाखालून पातेलं काढलं आणि घरी गेल्या. माझ्या अहवालातही मी तसंच लिहिलं, की या भागात पालेभाज्या खाण्याची सवय नाही. तो कागद कुठल्या तरी कपाटात अजून असेल, आणि कुणीतरी तो खरा मानलेला असेल.

त्या संध्याकाळी माझ्या ताटात पांढरा भात आणि तुरीचं वरण आलं. घरच्यांच्या ताटांत कण्या होत्या. मी म्हटलं, "मला पण त्याच द्या की." हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई. आमचं हे तुमाला चालायचं न्हाई." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. त्या क्षणी मी चुकले असं म्हणायला हवं होतं. पण मी शिकलेली, सरकारची माणूस... उद्या बोलू म्हटलं. पुढचे दहा महिने त्यांनी माझं जेवण निराळं शिजवलं. दमून आल्यावरही दोन चुली पेटवल्या, पण एक दिवस चुकवला नाही. आणि मी ते गुमान जेवले. मग बदली झाली, मग लग्न झालं, पुण्यात बिऱ्हाड मांडलं.

खरी गंमत पुढेच आहे, म्हणजे मला आता रडू येतं अशी गंमत. मी नोकरी करून घरी यायची तेव्हा पोरं भुकेनं कावलेली असायची, आणि माझ्या हाताला एकच स्वैपाक आठवायचा. सकाळी कण्या भिजवून जायचं, येताना मंडईतून माठ, चाकवत, तांदुळजा घ्यायचा, फोडणीत लसूण-मिरची. शेजारणी विचारायच्या, इतक्या लवकर कसं उरकतं? मी नुसती हसायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी दारात हौसाबाई उभ्या. डोळे दाखवायला पुण्यात आल्या होत्या, बरोबर शेवंता. आत चुलीवर कण्या शिजत होत्या! नुसतं ताट वाढून पुढं ठेवलं असतं, तर एक शब्दही बोलावा लागला नसता. पण पाहुण्यांना असलं कसं वाढायचं, हे माझ्या हाडीमासी मुरलेलं. मी पातेलं झाकून बाजूला केलं आणि पुऱ्या तळायला घेतल्या. हौसाबाई म्हणाल्या, "लसणाचा वास लई झ्याक येतुया." मी म्हटलं, "पोरांसाठी काहीतरी केलंय." त्यांनी दोन पुऱ्या खाल्ल्या, माझ्या धाकट्याच्या हातावर खाऊ ठेवला आणि गेल्या.

तेरावं झाल्यावर मी वाडीला गेले. शेवंता नुकतीच खाचरातून आली होती, चुलीपुढं बसली होती. मी आत आले तसं तिनं चुलीवरच्या पातेल्यावर झाकण ओढलं. म्हणाली, "बसा, बाई. तुमचा भात लावते." मी तिथंच भुईवर बसले आणि सगळं बोलले. मेळाव्याचं, अहवालाचं, पुण्यातल्या त्या संध्याकाळचं, माझ्या घरी रोज काय शिजतं त्याचं. शेवंता चुलीत लाकूड सारत ऐकत होती. मग म्हणाली, "आईला कळलं व्हतं. एश्टीत बसल्यावर म्हणली, बाईंच्या घरी कण्या शिजत व्हत्या गं. मग आपल्याला का न्हाई वाढल्या?"

शेवंतानं झाकण काढलं आणि मला वाढलं. जेवले मी. कसं जेवले ते विचारू नका.

परतताना ठरवलं, की हे सगळं लिहायचं, छापायला द्यायचं. शेवंता वाचील, वाडीत कुणाकुणाला वाचूनही दाखवील. पण हौसाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या असत्या तरी हा कागद त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता... त्यांना हे मी तोंडानंच सांगायला हवं होतं.