निलगिरीची उबदार साल

आमच्या शेजारच्या खारोबांचं पोट झाडांवर. कुणाच्या छपरावर फांदी आली, की कमरेला दोर बांधून वर चढायचं आणि करवतीने ती उतरवायची. दोराचं दुसरं टोक खाली त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे आवळ. घरात मात्र हिसके वहिनींचेच. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतात.

खारोबांचं एक ठरलेलं पुराण होतं. "निलगिरी आणि बिबट्या एकाच माळेचे मणी. दोघांच्या अंगावर डाग, दोघंही मुके. बाकीची झाडं मोडण्याआधी कुरकुरतात तरी. निलगिरी सरळ अंगावर येते."

"बिबट्या पाहिलाय का कधी?" मी चिडवायचो.

"झाड पाहिलंय ना!"

त्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरावर वाकलेली निलगिरी छाटायची होती. गल्लीतली कुत्री एवढी गप्प का, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चढताना खारोबा वर बघत नाहीत, डोळ्यांत कचरा पडतो. हाताने चाचपायचं, सुटलेली साल ओढून टाकायची आणि पुढे सरकायचं. वरच्या बेचक्यात त्यांनी असाच हात घातला आणि तिथेच थिजले.

खालून मला पानांत लोंबणारी शेपूट दिसली.

"अहो, झोपलात का वर? उशी पाठवू?" वहिनी ओरडल्या. मी त्यांचं तोंडच दाबलं आणि बोटाने वर दाखवलं.

मग दोराला एक हिसका बसला. इतका हलका, की दोर नुसता शहारला. वहिनींनी तो वीत-वीत सोडला. तळवे सोलून निघत होते. पण एरवी श्वासालाही उसंत न देणाऱ्या त्या बाईने हूं की चूं केलं नाही. वर दोन पिवळे डोळे उघडले. खारोबा उतरत राहिले, डोळे त्यांच्यावरून हलेनात. पाय जमिनीला लागले तसे तिघंही माझ्या घरात घुसलो आणि कडी लावली.

"साल गरम होती," खारोबा एवढंच म्हणाले.

दुपारी वनखात्याच्या माणसांनी बिबट्याला बेशुद्ध करून नेलं. फांदी राहिली ती राहिलीच.

चार दिवसांनी खारोबा पुन्हा बुंध्याशी आले. मान मोडेपर्यंत वर बघत राहिले.

"काय दिसतंय?" वहिनींनी हळूच विचारलं. पट्टी बांधलेल्या हातांत दोर घट्ट होता.

"काही नाही. नुसती निलगिरी."

"मग?"

"बिबट्याने निदान डोळे तरी उघडले होते गं," खारोबा म्हणाले, आणि कमरेची गाठ सोडू लागले.

मी हल्ली स्वयंपाक अंगणात करतो.