भोंगा मालकाचा, फराळ आपला

सबरकाकांनी आयुष्यात एखादी गोष्ट वेळेवर सुरू केल्याचं मला आठवत नाही. अपवाद फक्त भोंग्याचा, आणि त्यामुळेच त्यांचा जास्त संताप यायचा. मलकापूरच्या ज्या कापसाच्या जिन-प्रेसमध्ये ते बॉयलरवर होते, तिथला भोंगा तेच वाजवत, आणि तो कधी चुकला नाही. नागपूरची गाडी उशिरा येई, भोंगा नाही. बाजारपेठेतले व्यापारी त्यावर घड्याळं लावत. असा हा माणूस युनियनच्या क्लबाचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला, की त्याच्या लेखी घड्याळ नावाची वस्तूच उरत नसे.

त्यांचं खरं नाव सांगितलं तर आज मलकापुरात कोणी ओळखणार नाही. ‘सबर करा बे, सबर!’ हे त्यांचं पालुपद. कोणी चिडलं की सबर, कोणी रडलं की सबर, कोणाची बायको अडली असली तरी सबर. म्हणून सबरकाका. अंगानं उंच, रापलेले, भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले. बॉयलरवरच्या माणसाच्या भुवयांत कापूस कुठून येतो हे मला कधी कळलं नाही, पण तो असायचा.

क्लब म्हणजे कारखान्याच्या मागची एक पत्र्याची खोली. तिथे कॅरमचा बोर्ड होता, एक सूर दबलेली पेटी होती आणि टांगलेलं एक शिळं वर्तमानपत्र. वर्षातून एकदा, हंगाम संपता संपता, तिथे सकाळचा फराळ असे. भोंग्याच्या आधी सगळे जमायचे. हुतुतूच्या गड्यांना, भजनातल्या गळ्याला, वर्षात सर्वांत कमी खाडे करणाऱ्याला बक्षिसं. बक्षीस म्हणजे लोटा, पंचा, फारच झालं तर छत्री. शेवटी कामगाराच्या एखाद्या मुलाला शिकण्यासाठी स्कॉलरशिप. कार्यक्रम एवढासाच, पण तो कधी धड पार पडत नसे, कारण सबरकाकांचा एक नियम होता. युनियनचा एकही माणूस यायचा राहिला असेल तर कोणी घास उचलायचा नाही.

मग काय, दरवर्षी कोणी ना कोणी यायचाच राहिलेला असे. कढईतला सांजा निवायचा, जिलबीवर माश्या बसायच्या, आणि रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कपाशी घालणाऱ्या बाया काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. काका शांत. एकदा बुलढाण्याहून आलेले वकीलसाहेब, म्हणजे त्या दिवसाचे पाहुणे, ताटकळून उठून गेले. लोक हळहळले. काका म्हणाले, “जाऊ द्या. त्याहिले घरी जेवाले भेटते.”

एका वर्षी तर कहर झाला. एक माणूस कमी, कोण ते कोणाला सापडेना. आचारीसुद्धा कढईमागून झारा उगारून ओरडत होता, “अबे, कोण नाही आलं? नाव तं सांगा!” शेवटी माझ्या मायनं कपाळावर हात मारला. कमी पडलेला माणूस म्हणजे तो आचारीच होता. तो युनियनचाच गडी, आणि पंगतीत नव्हता म्हणून सगळे त्याचीच वाट पाहत होते, त्याच्यासकट. तेवढ्यात काका उठून भोंगा वाजवायला गेले, आणि त्या वर्षीचे लोटे लोकांनी धावता धावता घेतले.

मी तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची. उपाशीपोटी मी त्यांना फणकाऱ्यानं विचारलं होतं, “काका, भोंगा वेळेवर वाजवता, मग फराळ काऊन नाही?”

“भोंगा मालकाचा आहे, माय,” ते म्हणाले. “फराळ आपला. आपल्या फराळाले घड्याळ काऊन लावू?”

या उत्तरानं पोट भरत नाही. मला ते तेव्हा पटलं नाही, आणि स्वभावानं मी अशी की आजही पुरतं पटत नाही.

पण ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे ते वर्ष वेगळं. मी सातवी पास होऊन घरी बसले होते. अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि क्लबाच्या कमिटीनं त्या वर्षीची स्कॉलरशिप मला ठरवली होती. इकडे बाबांनी मेहकरच्या एका घराशी माझ्या लग्नाचं बोलणं जवळजवळ पुरं केलेलं. स्कॉलरशिप घेतली तर अमरावती, नाही तर मेहकर, इतका सरळ हिशेब. बाबा प्रेसवर कापसाच्या गठाणी बांधायचे, आणि आजवर फराळाला पंगतीच्या टोकाला बसून कसेबसे दोन घास खायचे. या वेळी मात्र घरात त्यांनी एकदाच सांगितलं, “युनियनचं काही घ्यायचं नाही. मी फराळाले येत नाही, तुमीबी जाऊ नका.” आणि त्या दिवशी भाकरीचं गाठोडं घेऊन ते तांबडं फुटायच्या आतच प्रेसवर निघून गेले.

माय माझी धीराची. तिनं मला लुगडं नेसवलं आणि क्लबात नेऊन बसवलं. माझा बेत असा, की बाबा नाहीत हेच उत्तम. पटकन नाव पुकारतील, पटकन घेऊ, पुढचं पुढे पाहू. आणि सबरकाकांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली, आणि ते म्हणाले, “नारायण नाही आला. सबर करा.”

नारायण म्हणजे माझे बाबा!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पंगतीतून उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. “काका, ते आले तं नाहीच म्हणतील! नाही आले तेच बरं आहे. द्या ना मले लवकर.”

“देतो ना. पण बापाच्या पाठीमागून नाही देत.”

“मंग मेहकरले पाठवा मले! तुमच्या सबरीपायी माहं वाटोळं होऊन राह्यलं!”

“आता बस, माय,” एवढं बोलून ते भोंगा वाजवायला गेले. लोक उपाशीच कामावर गेले. कढई तशीच झाकून ठेवली.

फराळाच्या दिवशी कोणी घरून भाकर आणत नसे, कारण सकाळीच पोटभर खाणं होई. त्यामुळे दुपारच्या सुट्टीत कारखान्यातला माणूस न माणूस नुसता पाणी पिऊन बसला. बाया बोटं मोडत होत्या, गडी शिव्या देत होते, पण झाकलेल्या कढईला कोणी हात लावला नाही. मी आणि माय क्लबात बसून होतो. बाबा पलीकडे प्रेसपाशीच होते, तरी फिरकले नाहीत. मला एकाच वेळी बाबांचा, काकांचा आणि त्या सांज्याचा राग येत होता. माझं सगळं आयुष्य एका हट्टी म्हाताऱ्याच्या नियमात अडकलं आहे, असं वाटून मी रडले. रडताना भूक जास्तच लागते.

संध्याकाळचा भोंगा अर्थातच वेळेवर वाजला. लोक क्लबात परतले, आणि त्यांच्या मागून बाबा आले. डोळे लाल, हातात भाकरीचं गाठोडं. सकाळी मायनं मारलेली गाठ तशीच होती. उपाशी माणसांच्या मधोमध बसून त्यांनासुद्धा ती सोडवली नव्हती.

“काऊन माह्या जिवावर उठले सगळे?” ते दारातूनच ओरडले. “खाऊन घ्या ना! म्या का तुमचे हात धरले?”

“आधी खा, मंग भांड,” काका म्हणाले. “उपाशी माणसाशी म्या भांडत नाही.”

“मले नाही पाहिजे युनियनचं. ना घास, ना पोरीचे पैसे.”

“काऊन?”

बाबांनी गाठोडं खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “संपाच्या वक्ताले युनियन जेवाले देत होती, तवा म्याबी आलो होतो घास मागाले. उशीर झाला होता. खिचडीचा गंज धुऊन पालथा घातला होता तुमी. घरी पोरगी तापानं फणफणून राह्यली होती. दुसऱ्या दिवशी म्या गेटातून आत गेलो. माह्यामागं आणखी लोक गेले. संप मोडला. तवापासून म्या तुमच्यातला नाही.”

तापानं फणफणलेली ती पोरगी म्हणजे मी. संप झाला होता एवढं मला माहीत होतं, आणि बाबांना पाठीमागे कोणीकोणी ‘गेटवाला’ म्हणतात हेही माहीत होतं. पण उपाशी परत फिरल्याचं त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मायकडे पाहिलं तर तिनं पदर तोंडाला लावला होता.

“तो गंज म्याच पालथा घातला होता,” सबरकाका म्हणाले. “सगळे आले असं धरून चाललो होतो. पाहिलं नाही.”

“तवा थोडं थांबले असते तं...”

“म्हणून तं आता थांबतो बे,” काका म्हणाले. “बस. खा.”

बाबा बसले. सकाळचा सांजा एव्हाना असा घट्ट झाला होता की आचाऱ्यानं तो उलथण्यानं कापून वाढला. इतकं वाईट खाणं मी जन्मात खाल्लेलं नाही, आणि त्या दिवशी मी तीनदा मागून घेतलं. बाबा खाली मान घालून जेवत होते. शेजारचा गडी त्यांच्या पानात जिलबी टाकत होता आणि ते नको म्हणत नव्हते.

स्कॉलरशिपसाठी काकांनी नाव पुकारलं ते माझं नाही, बाबांचं. बाबांनी पाकीट घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि माझ्या हातात दिलं. मग काकांना विचारलं, “मेहकरवाल्यांले काय सांगू आता?”

“त्याहिले म्या सांगतो,” काका म्हणाले. “सबर करा म्हणतो.”

आणि खरंच, हा माणूस मेहकरला जाऊन त्यांना थांबायला सांगून आला! त्याहून नवल म्हणजे ते लोक थांबले. माझं ट्रेनिंग संपेपर्यंत, नोकरी लागेपर्यंत थांबले. ते ठरलेले नवरदेव आजतागायत माझ्या घरात आहेत आणि कुठेही जायचं म्हटलं की अजून चप्पल शोधत असतात. हेही काकांचंच देणं.

मी मलकापुरातच मुलींच्या शाळेत लागले. पुढे दरवर्षी क्लबाच्या फराळाला मला मानाचं बोलावणं असे, आणि दरवर्षी काकांचं माझं भांडण ठरलेलं. मी मनगटावरचं घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरायची. “काका, माझ्या शाळेची घंटा आहे.” ते म्हणायचे, “मास्तरीणबाई, घंटा सरकारची आहे. सबर करा.” मला उशीर व्हायचा, इन्स्पेक्टरीणबाईंची बोलणी बसायची, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा जायची. बाबा मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे. कोणाला त्यांची वाट पाहावी लागू नये म्हणून, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

काका थकले तेव्हा भोंगा दुसऱ्याच्या हातात गेला. शेवटच्या वर्षी ते क्लबामागच्या गल्लीतल्या आपल्या खोलीत अंथरुणावर होते. फराळाची पंगत बसली, आणि त्यांचा निरोप आला: “माह्यासाठी थांबू नका. सुरू करा.”

कोणी हात लावला नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण जन्मभर ‘सुरू करा’ म्हणून ओरडणारी मीच. आणि मला असा राग आला, असा राग आला! आम्हाला एवढी वर्षं उपाशी बसवलं आणि आता स्वतःच्या वेळी म्हणे थांबू नका. मी म्हणाले, “उचला ती कढई.”

सगळी पंगत त्यांच्या गल्लीत जाऊन बसली. मी वाटीत सांजा घेऊन आत गेले. काकांनी मान वळवली. आवाज पार खोल गेला होता. “कायले आले इतके लोक? भोंगा होईन आता. उशीर करून राह्यली तू, बाई.”

“आधी खा,” मी म्हणाले. “मग भांडा.”

ते हसले. बाबांनी त्यांना पाठीमागून आधार देऊन बसवलं, मी घास भरवला. त्यांनी तो बराच वेळ घोळवून गिळला. मग बाबा दाराशी जाऊन गल्लीत ओरडले, “झालं! खा आता!” तेवढ्यात भोंगा झाला, तरी कोणी हातातलं टाकून उठलं नाही.

पुढच्या हंगामापर्यंत काका राहिले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि रागही गेला नाही. दोन्ही अजून तसंच आहे.

त्यानंतरचा फराळ अगदी ठरल्या वेळी सुरू झाला. सगळे आधीच येऊन बसले होते, यायचं कोणी राहिलं नव्हतं. सांजा गरम होता, जिलबी कुरकुरीत होती. भाषणं झाली, लोटे वाटून झाले, स्कॉलरशिप देऊन झाली. पानं उचलली तरी कोणी जागचं हललं नाही. बाबा दाराकडे पाहत बसले होते. मी सवयीनं मनगट वर केलं. भोंग्याला अजून पुष्कळ वेळ होता.