दहावी जागा

आमच्या घरी दर रविवारी सकाळी, विहारातली वंदना आटोपली की, दोन म्हातारे टीव्हीसमोर बसून मारामारी बघतात. एक माझे बाबा आणि दुसरे काका. काका सख्खे नव्हेत, बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र. दोघंही एकेकाळी बॉक्सिंग खेळायचे. जगातल्या दहा सर्वांत थोर बॉक्सरांची यादी करायचं त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी मनावर घेतलं. नऊ नावांवर एकमत झालं आणि दहाव्या जागेवर गाडी अडली. अलीकडे काकांना तिथे सध्याचा एक चॅम्पियन बसवायचा होता आणि बाबांना तो दारातसुद्धा नको होता. चॅम्पियनचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर वाचणारेही दोन बाजूंना उभे राहतील आणि मला आता आणखी भांडणं झेपणार नाहीत.

मी नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात फायली पुढे सरकवणारी चाळिशीची बाई. बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी तिसरी जज मीच. कारण या दोघांचा एक नियम आहे. बाउट, म्हणजे लढत, बघताना टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, कारण टीव्हीत बोलणारा माणूस आपल्याला आपल्या डोळ्यांनी बघू देत नाही. प्रत्येकानं आपापला कागद घ्यायचा, राउंड जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ लिहायचे आणि कागद घडी करून मांडीखाली ठेवायचा. पोह्यांच्या ताटल्या आल्या की कागद उघडायचे. जज दोनच असले तर निकाल लागत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "रक्त पाहून मले पोहे जात नाही." मग राहिले कोण?

पहिल्या दिवसापासून माझा गोंधळ. ज्याच्या भुवईतून रक्त वाहतंय तो जिंकतो आणि जो गोंडस दिसतोय तो हरतो. एकाच ठोशाकडे बघून बाबा म्हणणार, "बसला!" आणि काका म्हणणार, "कोपरावर घेतला त्यानं." दोघांचे डोळे त्याच टीव्हीवर. मी मधे बसून आपला अंदाज ठोकायची. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं?

पण माझा खरा गोंधळ त्या चॅम्पियनचा नव्हता. तो समजायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, जी आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. दोघं बावीस-तेवीस वर्षांचे असताना एका सरकारी कारखान्यात खेळाडूसाठी एक जागा निघाली. एकच. ट्रायलच्या फायनलला हे दोघं समोरासमोर आले. पाच जजांपैकी तिघांनी बाबांना दिलं, दोघांनी काकांना. बाबांना नोकरी लागली, पुढे शहरात बुढापाऱ्यात घर झालं, मी शिकले. काका शहराबाहेर उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये लागले आणि तिथेच म्हातारे झाले.

आता तो चॅम्पियन कसा, तर एकही बाउट न हरलेला, पण अर्ध्या बाउट केसाच्या अंतरानं पॉइंटवर जिंकलेला. मला वाटायचं, बाबा त्याची बाजू घेतील, कारण ते स्वतः तसेच जिंकले होते. आणि काका चिडतील, कारण ते तसेच हरले होते. घडत होतं नेमकं उलटं. काका म्हणायचे, "रेफरीनं ज्याचा हात उचलला तो जिंकला. मंग त्याच्यावर बोलाचं काम नाही." आणि बाबा म्हणायचे, "असे जिंकणारे थोर नसते. नशीबवान असते." हरलेला माणूस निकालाचा वकील आणि जिंकलेला माणूस फिर्यादी. हे मला कधीच उमगलं नाही. ऑफिसातून परतताना बसमध्ये बसल्या बसल्या मी यावर विचार करायची आणि डोकं दुखलं की सोडून द्यायची.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी त्या चॅम्पियनची सर्वांत वादग्रस्त बाउट लावली. बारा राउंड. कागद उघडले तेव्हा काकांचा चॅम्पियनच्या बाजूनं, बाबांचा विरुद्ध आणि माझाही विरुद्ध. खरं सांगायचं तर दोघांच्या चड्ड्या काळ्या होत्या, दोघांना दाढी होती आणि सहाव्या-सातव्या राउंडनंतर कोण कोणता हेच माझ्या लक्षात येत नव्हतं. पण हे सांगायची मला लाज वाटली आणि मी गप्प बसले.

"पाह्य," बाबा काकांना म्हणाले, "पोरीलेही दिसलं. हारलेल्या माणसाचा हात उचलला त्यायनं."

"पोरीले काय समजते?"

"अन् असा हात उचललेला माणूस पाहाचा असन तं दूर जाऊ नको. तुया समोरच बसला हाये."

काकांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. रागावलेला माणूस ताटली आपटतो, त्यांनी ती अगदी हळू ठेवली. "आज म्हणलं ते म्हणलं," ते बाबांना म्हणाले, "पुन्हा म्हणू नको." आणि चपला घालून निघून गेले. आईनं मागून हाक मारली, पण ते थांबले नाहीत.

पुढचा रविवार आला, काका आले नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. विहारात ते मागच्या रांगेत बसायचे आणि वंदना संपायच्या आत उठायचे. बाबा टीव्ही लावायचे, आवाज बंद करायचे आणि कागद न घेताच बसून राहायचे. जेवण अर्ध्यावर आलं. आई मला म्हणाली, "तुया बापाले एकच दोस्त हाये. तो गेला तं हा माणूस भिंतीशी बोलन." मलाही भीती वाटायला लागली. आणि अपराधीपणही, कारण निकाल फिरवणारा कागद माझा होता.

चौथ्या रविवारी मी कुणाला न सांगता स्कूटी काढली आणि उरल्याला काकांकडे गेले. रस्ताभर ट्रक आणि धूळ, तोंडात दातांखाली कचकच. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. मी आधी माझी चूक कबूल करून टाकली. "काका, मले तं कोण कोणता तेच समजून नाही राहिलं होतं. म्या अंदाजानं लिहिलं."

ते हसले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण ते मिटलेलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं म्या त्या मिलमधी लाल लोखंड चिमट्यानं धरलं. उन्हाळ्यात पायातले बूट गरम होऊन जाय. घरी आलो का तुया काकूले सांगो, माह्यापेक्षा भारी माणूस होता, म्हणून त्याले नोकरी भेटली. तेवढ्यावर मले झोप लागे. आता तुया बाप म्हणते का तो जिंकलाच नव्हता. मंग माह्ये पस्तीस वर्षं गेले कुठं? कोणं नेले? सांग ना."

मी न राहवून विचारलं, "पण काका, खरं काय? कोण जिंकलं होतं?"

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चाय घे," ते म्हणाले, "थंडी होऊन राहिली."

घरी येऊन मी बाबांना काकांचं ते पस्तीस वर्षांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंगणात जाऊन उगाच नळ सुरू-बंद करत राहिले. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर ते म्हणाले, "गाडी काढ."

काकांच्या दारात उभं राहून बाबांनी जय भीम घातला आणि आत न जाताच म्हणाले, "म्या ते बाउट पुन्हा पाह्यली. शेवटच्या तीन राउंडात तो बरोबर होता. जिंकला तो. थोर माणूस हाये. लिहून टाक त्याले दहाव्या नंबरवर."

"म्या तं तवाच सांगतलं होतं," काका म्हणाले.

"हव."

"तुये डोळे कमजोर झाले."

"हव ना बाबा, झाले."

मग दोघं आत जाऊन बसले आणि काकूंनी केलेली भजी खात तासभर गप्पा मारत राहिले. गुडघे, पेन्शन, कुणाच्या लग्नात जेवण खारट झालं, असं सगळं. काका मोठमोठ्यानं हसत होते. मी दारात बसून ऐकत होते आणि मला इतकं हलकं वाटत होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. बाबांनी ती बाउट पुन्हा पाहिलेली नव्हती. आठवडाभर टीव्ही बंद होता.

परतताना रेल्वे फाटक बंद होतं. ट्रकांच्या मधे स्कूटी उभी करून मी मागे बसलेल्या बाबांना विचारलं, "खोटं काहून बोलले?"

"कोणतं खोटं?"

"तुमी बाउट पाह्यली नाही. अन् तुमाले वाटते का तुमी हारले होते. मंग त्यायले तसं काहून म्हणलं?"

मालगाडी जात होती, लांबच लांब. ती गेल्यावर बाबा म्हणाले, "हारलो होतो असं म्या कवा म्हणलं? मले माहीतच नाही."

"म्हणजे?"

"पयल्याच राउंडात कानाखाली बसला. त्याच्यानंतरचं काहीच आठवत नाही. तीन राउंड खेळलो म्हणते. शुद्ध आली तवा रेफरीनं माह्या हात वर धरला होता, अन् मले वाटलं, हारलो म्हणून धीर देऊन राहिला. सदतीस वर्षं पगार खाल्ला. पेन्शन खाऊन राहिलो. किती जणायले विचारलं. अर्धे म्हणे तू, अर्धे म्हणे तो. समोरून पाहणारा एकच माणूस होता, अन् तो एवढंच म्हणते का तूच जिंकला."

फाटक उघडलं. मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागले. मला गाडी सुरू करायचं सुचेना.

"म्हणून त्याले चिडवत होतो," बाबा म्हणाले. "वाटलं, एखाद्या दिवशी संतापून तरी खरं बोलन. एवढा संतापला, तरी नाही बोलला लेकाचा." आणि माझ्या पाठीवर कपाळ टेकवून ते रडायला लागले.