तपासल्याशिवाय ओतायचं नाही!

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कौसाबाईंच्या ओट्यावर उघडते. मी मुद्दाम कान देत नाही हो, पण भाजी निवडताना कान काय फडक्यात बांधून ठेवायचे? अशाने किस्से साचतातच. देऊळगाव राजाच्या आमच्या गल्लीत निम्मे किस्से त्या एका घरचे! माणसं तीनच. कौसाबाई, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा त्यांचा गजानन आणि सून सुनीता.

*

थंडीचे दिवस, ओट्यावर बचत गटाची मीटिंग. कौसाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठल्या, शेजारी बसलेल्या शांताबाईला हात लागला आणि चट्! दोघी किंचाळल्या. मग दुसरीला चट्! कौसाबाईंनी डोळे मिटले. "देवी आली बाप्पा अंगात!"

बायका पाया पडायला लागल्या. पडणारीलाही चट्!

गजानन हसत म्हणाला, "माय, नायलॉनचं पातळ खुर्चीवर घासलं की वीज साचते. हात लागला की निघून जाते. त्यालेच डिस्चार्ज म्हणतात. सुती नेसून पाहा."

दुसऱ्या दिवशी सुती. चट् नाही की फट् नाही.

शांताबाई म्हणाली, "तुह्या देवीले सुती चालत नाही का वं?"

*

मग सुनीता सुकायला लागली. ओट्यावर धड बसेना. मी विचारलंच.

"काकू, अंगावरून जाते. पहिले पांढरं होतं, आता हिरवट जाते. वास येते, आग होते. नवऱ्याजवळबी बसत नाही मी."

"सासूला सांगितलं?"

"सांगितलं. रोज तांदळाचं धुवण पाजून राह्यल्या."

थोडं पांढरं तर सगळ्याच बायकांचं जातं, त्याचं काही नाही. पण रंग, वास, आग म्हणजे दवाखानाच. मी कौसाबाईंना तसं म्हटलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "बायकाच्या गोष्टी गड्यापाशी नेत नसतात! गजाननले कळलं तर पाह्यजो!"

पोरगी मात्र दिवसेंदिवस खंगत होती.

*

एकदा दुसरबीड गावचा एक माणूस बॅटरी घेऊन आला. "चार्ज केली की लगेच उतरते. नळाचं पाणी भरभरून पाह्यलं, तरी तेच!"

गजानन तापला. "पहिले मीटर लावून पाह्यलं का? नाही ना? मग काहीबी काऊन ओतता? तपासल्याशिवाय ओतायचं नाही!"

माझ्याने राहवेना. खिडकीतूनच ओरडले, "गजानन, तुझी माय सुनीताला रोज काय पाजते, ते विचार की आधी!"

गजानन आत गेला. गिऱ्हाईक बिचारं बॅटरी कवटाळून उभं!

*

दुसऱ्या सकाळी ते तिघंही बुलढाण्याला. मी सोबतीला. (कोणी बोलावलं नव्हतं.) डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "जंतुसंसर्ग आहे, बरा होईल. गोळ्या नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या."

कौसाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "माह्या पोराले काऊन? त्याले काय धाड भरली?"

"एकट्या सुनेला दिल्या, तर त्याच्याकडून हिला पुन्हा होईल, आजी."

गजाननने मायसमोरच गोळी गिळली. कौसाबाई भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "पाणी तरी पे वरून!"

थोड्याच दिवसांत सुनीता ओट्यावर मांडी घालून शेंगा फोडायला लागली. हसणं असं, की माझ्या कुकरची शिट्टी ऐकू येईना!

*

आणि परवा. सकाळीच कौसाबाई दारात, हातात पिशवी, मागे शांताबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी. "चाल वं, बुलढाण्याले."

कशाला, ते सांगेनात. मला सांगेनात!

एसटी गच्च. कंडक्टर पोरगेलाच. "काय आजी, कोणत्या देवाले निघाली फौज?"

कौसाबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. "देवाले नाही, दवाखान्यात. अंगावरून जाते आमच्या. आजवर दडवलं, आता डॉक्टरीणबाईले दाखवतो. फाड तिकिटं!"

कंडक्टरची मान मशीनमध्ये.

तेवढ्यात मागच्या सीटवरून एका बाईचा आवाज आला, "ओ दादा, माहं तिकीट चिखलीचं हाये. बुलढाण्यापर्यंत वाढवून दे!"