मागची मधली सीट

घरात कुणाला गाडी घ्यायची झाली की पहिला फोन आत्याला जायचा. रंग कुठला हवा हे नवरा-बायकोनं आपसात भांडून ठरवावं, पण गाडी घ्यायची की नाही हे आत्या ठरवणार, असा घरचा शिरस्ताच होता. आणि का नसावा? जन्मभर बाईनं शाळेची बस चालवली. सुरुवातीला "बाई काय बस चालवणार!" म्हणून नाकं मुरडणारे आईबापच पुढे आपलं पोर तिच्याच बसमध्ये बसावं म्हणून शाळेत खेटे घालायला लागले. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज सकाळी इतकी पोरं मागे बसून डोकं खातात, आणखी घरी कशाला?"

एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. चहा पितानाही उभी. बसलीच तर पाय हलत, बोटं गुडघ्यावर ताल धरत, नजर खिडकीबाहेर. अशा बाईनं गाडी पारखायची म्हणजे समोरच्याची परीक्षाच. ती कधी सरळ स्टेअरिंगवर बसायची नाही. आधी मागची मधली सीट! "पुढे बसून सगळ्याच गाड्या छान वाटतात. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही ना, त्याला मधल्या सीटवर बसवतात. त्याचे गुडघे कुठे जातात ते बघा आधी," असं ती म्हणायची. मग डिकी. मग दार लावून आवाज कसा येतो ते. आणि शेवटी तिचा तो प्रसिद्ध प्रकार: काचा बंद, सगळे चिडीचूप, हिचे डोळे मिटलेले, आणि चालू इंजिनचा आवाज. तेवढ्यावर सांगायची, हिचा पट्टा सैल आहे, हिला घेऊ नका, हिला डोळे झाकून घ्या. शिवाय पहिली चक्कर मारताना घेणाऱ्याला गाडीत बसू द्यायची नाही. "ज्याला घ्यायचीच असते त्याला खोट दिसत नाही. वर बडबड करतो."

तर अशी ही आत्या. आणि या आत्याला गेलं वर्षभर नीट ऐकू येत नव्हतं.

आता हे कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. तिनं कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता. समोरचा काही बोलला की ती "हं, हं, बरोबर" म्हणायची आणि विषय बदलायची. फोन नाही उचलला तर "पिशवीत होता गं" हे ठरलेलं. स्वभावानं मुळातच घायकुती, त्यामुळे अर्धवट ऐकून उठून जाते हेही लोकांना खपून जायचं. फक्त गाडीत मात्र एक गोष्ट तिला छळत होती. वळण संपलं तरी कधीकधी इंडिकेटर चालूच राहायचा. ती टिकटिक तिला येईनाशी झाली होती. मागचा हॉर्न मारून मारून थकायचा, आणि ही आपली डाव्या हाताला वळण्याचं वचन देत सरळ चाललेली.

बस तिनं ऐकू येणं कमी झालं तेव्हाच सोडली होती. कारण सांगितलं गुडघ्यांचं. खरं कारण वेगळंच होतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या डेपोत एक म्हातारे ड्रायव्हर होते, सगळे त्यांना दादा म्हणत. दादांना संध्याकाळचं दिसेनासं झालं, तर याच आत्यानं चारचौघांत त्यांना सुनावलं होतं, "दादा, चावी खुंटीला लावा. पोरं आपली नसतात, लोकांची असतात." दादा चावी लावून निघून गेले आणि परत डेपोत फिरकले नाहीत. तेव्हा आत्याला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा तिनंही चावी मुकाट्यानं त्याच खुंटीला लावली. एवढी ती प्रामाणिक होतीच.

पण पुतण्याच्या मुलीला शाळेत सोडणं काही तिनं सोडलं नाही. पोरीचं लाडाचं नाव मुंगी, कारण घरात गोड काही आलं की ही हजर. पुतण्या आणि त्याची बायको दोघंही सकाळीच कामाला पळायची, त्यामुळे मुंगीला त्यांच्या जुन्या छोट्या गाडीतून आत्याच न्यायची-आणायची. आत्या स्वतःची समजूत घालायची, एकच तर पोर, रस्ता पाठ, दोन गल्ल्या ओलांडल्या की शाळा. कसलं काय! मनातून चोर तो चोरच. पोरीला आत सोडून गाडीत परत बसली की रोज तिच्या हाताला घाम सुटलेला असायचा.

आणि आता मुंगी मोठ्या शाळेत जाणार होती. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, रस्ता मोठ्या हायवेवरून. म्हणूनच तर नवी गाडी घ्यायची होती: चांगली मोठी, चौघं ऐसपैस बसतील अशी, पेट्रोल कमी पिणारी. सूनबाईनं सरळच सांगितलं होतं, "आत्या, गाडी आमची, पण चालवणार तुम्ही. तुम्हाला पसंत पडेल तीच घेऊ."

झालं! त्या दिवसापासून आत्याच्या जिवाला थारा नव्हता. सांगावं, तर पोरगी हातची जाणार, किल्ली जाणार, मग दिवसभर करायचं काय? नुसतं घरात बसून भिंतीकडे बघायचं? न सांगावं, तर हायवे. शोरूमला जायच्या दिवशी ती सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत अशा फेऱ्या मारत होती, की सूनबाई म्हणाली, "आत्या, बसा ना जरा. फरशी झिजेल."

"हं, हं, बरोबर," आत्या म्हणाली.

शोरूममध्ये ती गाडी मधोमध उभी होती. देखणी होती हो, नाही कशाला म्हणायचं! लांबसडक, निमुळती, छताचा उतार असा की हात फिरवावासा वाटावा. आत फिकट सायीच्या रंगाच्या सीटा. टाय लावलेला विक्रेता तोंडाचा पट्टा चालवत होता. पुतण्या त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, म्हणजे तो तर कधीच गार झाला होता.

आत्या नियमाप्रमाणे मागच्या मधल्या सीटवर जाऊन बसली. उतरत्या छताला डोकं टेकलं. "दिसायला छान, पण मधल्याचं डोकं गेलं," तिनं नोंदवलं. डिकी बघितली, खूश झाली. दार लावलं. पूर्वी त्या आवाजावरून पत्र्याची जात सांगणारी बाई, आता फक्त हाताला बसलेला दणका जोखत होती. मग ती स्टेअरिंगवर बसली, टायवाल्यानं सांगितलं तसं ब्रेक दाबून बटण दाबलं, काचा बंद केल्या आणि डोळे मिटले.

सगळे चिडीचूप.

आणि आत्याला काहीच ऐकू आलं नाही. अगदी काही म्हणजे काहीच नाही. जुन्या गाडीचं इंजिन निदान लांबून घुमल्यासारखं तरी यायचं. आज तेही नाही! गेलं वाटतं, उरलंसुरलं तेही गेलं. तिनं हात चाचपडत डॅशबोर्डवर ठेवला. स्थिर. डोळे उघडले तर काचेपलीकडून पुतण्या, सूनबाई, मुंगी, टायवाला सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, निकालाची वाट बघत. आता गप्प राहिलं तर पितळ उघडं पडणार. मग तिनं काच खाली केली आणि रुबाबात सांगून टाकलं, "इंजिन एक नंबर. आवाज कसा एका लयीत आहे. कुठे खरखर नाही, काही नाही."

टायवाला चाचरला. "मॅडम... गाडी अजून बॅटरीवर आहे. हिचं इंजिन लागेल तेव्हाच सुरू होतं. आत्ता ते बंद आहे."

पुतण्या खो खो हसायला लागला. "आत्या म्हणजे ना! टायवाल्यांची फिरकी घ्यावी तर हिनंच!" टायवालाही सुटका झाल्यासारखा हसला. सूनबाई मात्र हसली नाही. ती आत्याकडे बघत राहिली.

आत्याला जीव भांड्यात पडल्यासारखं व्हायला हवं होतं, म्हणजे कान शाबूत होते, निदान होते तेवढे तरी. पण झालं उलटंच. बंद इंजिनची तारीफ केली आपण! जन्मभराची अब्रू अशी चव्हाट्यावर. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं होऊन ती म्हणाली, "चला, चालवूनच बघते. तुम्ही दोघं इथेच थांबा."

"मी येणार!" म्हणून मुंगी मागे चढून बसलीच. शोरूमवाल्यांनी दिलेला संत्र्याचा ज्यूस तिनं नुकताच संपवला होता, स्वतःचाही आणि आईचाही. सूनबाईनं तिचा पट्टा लावला, टायवाला पुढे बसला, गाडी निघाली.

आत्याला आता गाडी पारखायची नव्हती, गेलेली अब्रू परत मिळवायची होती. तिनं गाडी थेट उड्डाणपुलाकडे घातली, जिथे रस्ता गोल गोल फिरत वर जातो. वळणावर गाडी किती कलते ते बघायला एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. चढावर तळपायाला बारीक थरथर जाणवली, तेव्हा तिला कळलं की आता इंजिन सुरू झालं. "आत्ता झालं सुरू," ती विजयी मुद्रेनं म्हणाली. टायवाला मायलेज सांगत होता, ब्रेक लावताना बॅटरी कशी चार्ज होते ते सांगत होता. त्याचे ओठ हलत होते आणि आत्या "हं, हं, बरोबर" म्हणत होती. गाडी झकास होती. वळणावर चिकटून चालत होती. कितीतरी दिवसांनी आत्याला मोकळं वाटलं. जमतंय की! कान काय करायचेत? डोळे आहेत, पाय आहेत, हात आहेत.

तेवढ्यात टायवाल्यानं दचकून मागे बघितलं आणि त्याच्या तोंडाचा रंगच उडाला.

आत्यानं आरशात पाहिलं. मुंगीचा चेहरा पांढराफटक. फ्रॉकवर, पट्ट्यावर, सायीच्या रंगाच्या त्या सीटवर सगळीकडे संत्र्याचा ज्यूस. पोर रडत होती. रडतानाचं तिचं उघडं तोंड आत्याला दिसत होतं, आणि आवाज येत नव्हता.

तिनं गाडी बाजूला घेतली, धावत मागे गेली, पोरीला पोटाशी धरलं. मुंगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती आणि आता, अगदी कानाशी, आत्याला ऐकू आलं:

"मी केव्हाची म्हणतेय, आजी थांब, आजी थांब. तू थांबलीच नाहीस."

आत्या टायवाल्याकडे वळली. "तुम्ही ऐकलं होतं?"

"हो... म्हणजे मला वाटलं, तुम्हीपण ऐकलंय. तुमचीच नात ना. म्हटलं, थांबतील," तो बिचारा रुमालानं सीट पुसत म्हणाला.

परत येताना आत्यानं गाडी चालवली नाही. टायवाल्याला दिली आणि स्वतः मागे बसली, मुंगीला मांडीत घेऊन, ओल्या पदरानिशी. पोरीला उलटी झाली एवढंच. उद्या हायवेवर "आजी, दार उघडलंय" म्हणाली असती तर? या एका विचारानं तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

शोरूमच्या दारात पुतण्या आणि सूनबाई धावत आली. आत्यानं पोर आईच्या हातात दिली. पर्समधून जुन्या गाडीची किल्ली काढली आणि पुतण्याच्या तळहातावर ठेवली.

"गाडी घ्या," ती म्हणाली. "मधल्याचं डोकं लागतं, बाकी गाडीत खोट नाही. खोट माझ्यात आहे. मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. बस त्याच्यासाठीच सोडली होती, गुडघ्यांसाठी नाही."

"अगं आत्या, वयानं होतंच थोडंफार," वगैरे काहीतरी पुतण्या पुटपुटला. आत्याला ते ऐकूही आलं नाही. पण सूनबाई जवळ आली, अगदी समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. ते मात्र आत्याला पूर्ण ऐकू आलं.

"लोकांच्या मुलांसाठी बस सोडलीत तुम्ही. मग माझ्या मुलीला का बसवत राहिलात?"

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत्याकडे याला उत्तर होतं. तिच्याशिवाय मला कुणी नाही, हे. पण ते सांगायची ही जागा नव्हे, एवढं तिला कळत होतं. तिला दादा आठवले, आणि त्यांना चावी ठेवायला सांगताना आपण किती ताठ मानेनं उभ्या होतो तेही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "उद्या कान दाखवून येते. मशीन लावायला सांगितलं तर लावते. आणि नवीन गाडीला, तू म्हणेपर्यंत, मी हात लावणार नाही."

सूनबाईनं डोळे पुसले आणि ती जुन्या गाडीकडे चालू लागली.

घरी जाताना पुतण्या चालवत होता, शेजारी सूनबाई. मुंगी खिडकीपाशी. आत्या न सांगता मागच्या मधल्या सीटवर जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. आज तिचे पाय हलत नव्हते. बोटंही गप्प होती. चौकात पुतण्यानं वळण घेतलं, तेव्हा समोर हिरवा बाण लुकलुकताना तिला दिसला आणि वळण संपल्यावर तो विझलेलाही दिसला.

मुंगीनं तिचा पदर ओढला आणि काहीतरी विचारलं. आत्याच्या ओठांवर सवयीनं "हं, हं" आलंच होतं. ते तिनं गिळलं. मान वाकवली, कान पोरीच्या तोंडाशी नेला.

"ऐकू नाही आलं गं. परत सांग."

मुंगीनं दोन्ही हातांचा कर्णा करून तिच्या कानात विचारलं, "नव्या शाळेत तू येशील ना सोडायला?"

पुढे सूनबाईनं मान वळवली. आत्या तिच्याकडे बघत राहिली, उत्तर तिनं द्यावं म्हणून.

"येईल," सूनबाई म्हणाली. मग आत्याकडे बघून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "येईल. बाबा चालवेल, आजी तुझ्याशेजारी बसेल."