चूर्ण गाळायचं कापड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नमाजानंतर दुआ मागतानाही शब्द ओठांपर्यंत यायचे आणि वळून परत जायचे. वरच्याला ठाऊकच आहे, मग तोंडानं कशाला सांगायचं — अशी माझी मी सोय करून घेतली होती. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

वरोऱ्यात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, अब्बांपासूनचं. सगळ्यात जास्त खपतं ते वांगाचं औषध. बायकांच्या गालांवर, नाकावर तपकिरी डाग उठतात ना, त्यासाठीचा लेप. मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन, मसुरीचं पीठ. आणि सोबत एटापल्लीकडची चारोळी, घरी दुधात वाटून घालायला. गिऱ्हाइकाला मी सांगतो — ऊन टाळा, चुलीची धग टाळा, घाई करू नका. इतक्या गोड आवाजात सांगतो, की अर्धा गुण तिथंच येतो. बोलण्यात मी हुशार आहे. ते पुढे कळेलच.

औषध मात्र मी बनवत नाही. बनवते शमीम, माझी बायको. मुळ्या धुवायच्या, गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात पसरायच्या, दर थोड्या वेळानं वर जाऊन उलट्यापालट्या करायच्या, मग कांडायच्या, कापडातून गाळायच्या. आमच्या धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर शमीमच्याच गालांवर वांग उठले. संध्याकाळी ती लेप लावायची आणि सकाळी पुन्हा गच्ची चढायची. लागू पडणार कसा? लोकांना ऊन टाळा म्हणून सांगणारा माणूस मी, आणि दिव्याखाली हा अंधार. एकदा ती म्हणाली होती, "वाळवणाले एखादी बाई लावा ना." मी म्हटलं, "तुझ्या हाताची सर दुसऱ्याले नाई." खोटं नव्हतं ते. पण खरं म्हणून तरी कुठं बोललो होतो?

एक सांगू? घरात मला तिचा चेहरा कधी डागाळलेला दिसलाच नाही. डाव्या गालावरचा डाग कानाकडे निमुळता होत जातो, मला पाठ आहे तो. हसली की डोळ्याखाली जरा वर सरकतो. मला आवडायचं ते. पण ती दुकानात आली की — दुकानात मला नुसता डाग दिसायचा.

दुपारचा डबा ती घेऊन यायची. त्या दिवशी काउंटरवर चंद्रपूरच्या एक शिक्षिका होत्या. चेहऱ्यावर वांग, पदराचं टोक सारखं गालाशी. बरेच उपाय करून थकलेल्या. मी त्यांना जवळजवळ पटवलं होतं, पुडी बांधायचीच बाकी होती. तेवढ्यात शमीम डबा घेऊन आत आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, ह्या कोण?"

काय अवघड होतं उत्तर? साधे दोन शब्द.

मी म्हटलं, "कामाले येते आमच्या इथी. औषध लाव म्हटलं तर ऐकते कुठी!"

वर हसलोही.

शमीमनं डबा ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. त्या बाईंना म्हणाली, "हौ मॅडम. भांड्या-कपड्यांतून वेळच नाई भेटत." आणि ओढणी सावरत गेली. तिनं माझं खोटं माझ्याहून नीट निभावलं. मला त्याच क्षणी तिच्यामागे धावायला हवं होतं. मी पुडी बांधली.

संध्याकाळी ताट वाढताना तिनं एकच विचारलं, "त्या मॅडमनं नेलं का औषध?"

"नेलं."

"बरं झालं. लय काळजीत दिसत होती बिचारी."

बस. आता बोल, आता बोल, असं मन सांगत होतं — आणि मी म्हटलं काय, तर वरण छान झालंय. दुसऱ्या दिवसापासून डबा यायचा थांबला. मी जेवायला घरी जायला लागलो. का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पुढे त्या शिक्षिका पुन्हा आल्या. डाग बरेच फिके पडले होते, चेहऱ्यावर समाधान. जाताना त्यांनी पिशवीतून एक साडी काढली — त्यांची नेसलेली, फिकट जांभळी, सुती, स्वच्छ धुऊन घडी घातलेली. "तुमच्या त्या बाईले द्या. फार गोड बोलली होती." चांगल्या मनाची बाई हो. तेव्हाही खरं सांगता आलं असतं. मी हात पुढे केला आणि साडी घेतली.

घरी म्हटलं, "एका गिऱ्हाइकानं दिली." कोणत्या, ते तिनं विचारलं नाही. साडी उलगडली, पोत दोन बोटांत चोळून पाहिला. "मऊ हाय. चूर्ण गाळाले चांगली होईन." मग कात्री घेऊन बसली, तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या. मी समोर बसून बघत होतो.

धंद्यासाठी केलं, असं म्हणता येईल. पण एक पुडी गेली नसती तर दुकान बंद पडणार नव्हतं. मला लाज वाटली होती — तिची. माझ्यासाठी उन्हात राबताना गडद होत गेलेल्या तिच्या डागांची.

काल शमीम ओसरीवर चूर्ण गाळत होती. त्याच साडीचा शेवटचा तुकडा. मंजिष्ठेनं लाल झालाय, जांभळा रंग फक्त शिवणीत उरलाय. दुकान बंद होतं म्हणून एक तरुण मुलगी विचारत घरापर्यंत आली, आईसाठी वांगाचं औषध हवं होतं. मी आतल्या खोलीत होतो. शमीम उठल्याचा आवाज आला. दारातून पाहिलं, तर तिनं ओढणी गालावर ओढून घेतली होती.

"बस बाई," ती म्हणाली. "दुकानदाराले बोलावतो."

मी बाहेर आलो. ती कापड घेऊन माझ्या बाजूनं आत गेली. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मी सांगायला लागलो — ऊन टाळा, चुलीची धग टाळा, घाई करू नका.